बुडालेल्या गावाचे चित्र : मोल कसे ठरवावे?

प्रश्न : कोयनेच्या शिवसागर जलाशयात बुडालेल्या आमच्या मूळ गावाचे, आजोबांनी काढलेले तैलचित्र आमच्या घरी आहे. आजोबा शाळामास्तर होते. चित्रकला ते कोठे शिकले नव्हते. चित्र १९१० च्या सुमाराचे असल्याचे घरात सांगतात. एका विक्रेत्याने ते ‘लोककला’ म्हणून विकत मागितले आहे. त्याची किंमत किती धरावी? ते पुसावे का? मुलगा ते परदेशी नेऊ शकेल का?
एक वाचक, सातारा

उत्तर : आपण पाठवलेल्या छायाचित्रांपैकी चित्राच्या पाठीचे छायाचित्र अधिक उपयोगी पडले. पुढून गुळगुळीत आणि मागे जाळीचा ठसा असलेली ही फळी हार्डबोर्डची दिसते. हा प्रकार अमेरिकेत विल्यम मेसन यांनी १९२४ मध्ये शोधून काढला, तेव्हा १९१० हे साल सोडून द्यावे लागेल. शंभर वर्षे किंवा त्याहून जुने चित्र १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार पुरातन वस्तू ठरते आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. आपले चित्र तितके जुने नसावे, तरीही नेण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ते पुरातन नसल्याचा दाखला घ्यावा.

याला लोककला म्हणणे मला पटत नाही. वारली चित्रे किंवा पिंगुळीची चित्रकथी यांच्यामागे एका समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत असते. आपल्या आजोबांचा हात कोणत्याही परंपरेत घडलेला नाही. मागच्या डोंगरालगतच्या घरांची कौलेही त्यांनी पुढच्या घरांइतकीच मोठी काढली आहेत. परंतु देवळापुढची दीपमाळ, पाराचे दगड, उतारावरची नाचणीची शेते हे सारे त्यांनी इतक्या निष्ठेने टिपले आहे की, पाहणाऱ्याला त्या गावातून वाट काढता यावी. मला हे चित्र फार आवडले.

आपल्याकडील बाजारात चित्राचा भाव मुख्यतः चित्रकाराच्या नावावर ठरतो, त्यामुळे अपरिचित हौशी चित्रकाराच्या कामाला मोठी रक्कम मिळण्याची आशा धरू नये. ज्याला चित्र स्वतःच विकत घ्यायचे आहे, त्याने केलेले मूल्यांकन तर मुळीच ग्राह्य मानू नये. शुल्क घेऊन लेखी अभिप्राय देणारा त्रयस्थ जाणकार गाठावा, आणि त्याने दुकानात सांगितल्या जाणाऱ्या किमतींऐवजी अशा चित्रांच्या प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचा आधार घेतला आहे ना, हे पाहावे.

चित्र कृपा करून ओल्या फडक्याने पुसू नका, कांदा-बटाटा चोळण्याचे घरगुती उपायही नकोत. हार्डबोर्ड पाणी पिऊन फुगतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. डावा खालचा कोपरा आताच फुगलेला दिसतो. मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झटकावी, तीही रंग कोठे सुटलेला नसेल तरच. पुढील काम मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील कला संवर्धन केंद्रासारख्या ठिकाणच्या तज्ज्ञांना विचारूनच करावे.

माझे मत विचाराल तर चित्र विकू नये. ते गाव आता पाण्याखाली आहे, आणि त्यातली घरे ओळखू शकणारी माणसे आज वयोवृद्ध आहेत. चित्राची मोठी छापील प्रत काढून ती त्यांच्यापुढे ठेवा, कोणते घर कोणाचे, वाट कोठे जायची, पाणवठा कोणता, हे विचारून त्या प्रतीवर क्रमांक घाला आणि सांगणाऱ्याच्या नावासह वेगळ्या वहीत उतरवून घ्या. मूळ चित्राच्या पाठीवर मात्र काहीही लिहू नका. मुलगा चित्र घेऊन जाणार असेल, तर हे काम त्याच्या जाण्याआधी उरकावे.