ब्रुनोच्या उपचारासाठी एफडी मोडू का?

डोंबिवलीच्या एका ताईंचं पत्र आलंय. वय 52, खासगी नोकरी, हातात पगार 46,000. मुलगा बंगळुरूला असतो. घरी त्या आणि 11 वर्षांचा लॅब्राडोर, ब्रुनो. त्याच्या मागच्या दोन्ही खुब्यांत संधिवात आहे, एक्स-रे झालाय. ठाण्यातल्या एका दवाखान्यात जनावरांना अ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे बारीक सुया टोचून उपचार, करतात. एका वेळचे 1,800 रुपये. वीस वेळांचं पॅकेज घेतलं तर 36,000 ऐवजी 30,000, पण सगळे आधी भरायचे. ताई विचारतात, 1,80,000ची एफडी मोडून हे पॅकेज घेऊ का? खाली एक ओळ आहे : ‘नातेवाईक म्हणतात, कुत्र्यावर एवढा पैसा म्हणजे वेडेपणा.’

ताई, आधी त्या ओळीबद्दल. अकरा वर्षं जो रोज संध्याकाळी दारात तुमची वाट बघत बसला, त्याचं दुखणं कमी व्हावं म्हणून खर्च करणं हा वेडेपणा नाही. पैसा कशासाठी वापरायचा हे तुम्ही ठरवायचं. त्यापायी तुमचं घर अडचणीत येऊ नये, एवढं बघणं माझं काम.

माझं उत्तर : एफडीला हात लावू नका, पॅकेज घेऊ नका, पण सुया जरूर करून बघा.

तुमचा घरखर्च, ब्रुनोच्या खाण्यासकट, महिना 31,000. अडीअडचणीला सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा, त्याचे होतात 1,86,000. म्हणजे तुमची एफडी जेमतेम तेवढी आहे, आणि घरात कमावणाऱ्या तुम्ही एकट्याच. शिवाय खर्च 30,000वर थांबत नाही. डोंबिवली-ठाणे कॅबचे जाऊन-येऊन 900 तुम्हीच लिहिलेत. वीस खेपांचे 18,000 धरले की झाले 48,000. एफडीत उरतील 1,32,000, वर मुदतीआधी मोडल्याचा व्याजातला फटका वेगळा.

आता पॅकेजचा हिशेब. सुट्या दराने सोळा वेळा गेलात तर 28,800 होतात. म्हणजे पॅकेज स्वस्त पडतं ते सतराव्या वेळेपासून, आठवड्याला एकदा धरलं तर चौथा महिना उलटल्यावर. पाचव्या वेळेनंतर ‘काही फरक नाही’ असं दिसलं तर सुट्या दरात तुमचे 9,000 गेलेले असतील, पॅकेजमध्ये 30,000. आमच्या पाळलेल्या राणीच्या वेळी मी फिजिओथेरपीच्या पंधरा बैठकांचे पैसे आधी भरले होते. सहावी झाली आणि तिची किडनी गेली. उरलेल्या नऊंचे पैसे त्या दवाखान्याने परत दिले नाहीत. तेव्हापासून म्हाताऱ्या जनावरासाठी आगाऊ पैसे भरू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो.

उपचाराबद्दल मी डॉक्टरांच्या पायरीवर चढणार नाही, पण पैसे कुठे लागतात ते बघताना जे वाचलंय ते सांगतो. जनावरांच्या अ‍ॅक्युपंक्चरवरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा 2006 साली आला. त्याचा निष्कर्ष असा की शिफारस करावी किंवा नाकारावं, यातलं काहीच ठामपणे म्हणता येईल इतका पुरावा नाही. मात्र सुया केसासारख्या बारीक असतात, बरीच कुत्री त्या टोचलेल्या असताना चक्क झोपतात, आणि जाणत्या हातात धोका फार कमी. म्हणून करून बघायला हरकत नाही. पण फरक डोळ्यांनी जोखू नका. 2012च्या एका अभ्यासात लंगडणाऱ्या कुत्र्यांना औषध नसलेली गोळी दिली होती. पायावर पडणारा भार यंत्राने मोजला तर बऱ्याच कुत्र्यांत सुधारणा नव्हती, तरी कित्येक मालकांना आणि डॉक्टरांनाही कुत्रं सुधारल्यासारखं वाटलं. प्रेमाच्या माणसाला तसं वाटणारच.

आता तुमच्या पत्रात ओझरती आलेली, पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. ब्रुनोचं वजन 41 किलो, डॉक्टर म्हणतात 34 हवं. आणि तुमच्या चहाबरोबर त्याला चार बिस्किटं, रात्री तूप लावलेली पोळी. ताई, संधिवात असलेल्या जाड कुत्र्यांचं वजन सुमारे 6 टक्के उतरलं की लंगडणं लक्षात येण्याइतकं कमी होतं, असं अभ्यासात दिसलंय. ब्रुनोसाठी ते अडीच किलो. लॅब्राडोरच्याच 48 पिल्लांवर झालेला, 2002 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. ज्यांना जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं मिळालं, त्यांतली निम्मी 13 वर्षांपेक्षा जास्त जगली, बाकीच्यांत हा आकडा 11.2. त्यांच्यात सांधेदुखीही उशिरा आली. हा उपचार फुकट आहे. उलट खाण्याचे पैसे वाचतात.

दुसरं, मेलॉक्सिकॅमची, म्हणजे सांध्यांचं दुखणं कमी करणारी, गोळी तुम्ही ‘किडनीला वाईट’ म्हणून स्वतःच बंद केलीत. तुमची भीती निराधार नाही, पण म्हणूनच डॉक्टर आधी आणि मधे रक्त तपासतात. या आठवड्यात त्यांच्याकडे जा, तपासणी करा, गोळीचं त्यांना ठरवू द्या. तोवर तो दुखणं सोसतोय. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी मात्र चुकूनही देऊ नका, आयब्युप्रोफेन कुत्र्याला भोवतं. दुसरं मत हवं असेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे. लांब पडेल, पण एका खेपेचा प्रश्न आहे. आणि हॉलमधल्या गुळगुळीत टाइल्सवर त्याच्या चालायच्या वाटेपुरत्या रबरी मॅट घाला. उठताना पाय फाकतात, असं तुम्हीच लिहिलंय.

पैशांची आखणी अशी. घरखर्च आणि 6,000ची एसआयपी जाऊन तुमच्याकडे महिना 9,000 उरतात. पहिल्या महिन्यात रक्ततपासणी आणि मॅट, 3,500 धरा. दुसऱ्या महिन्यात, शिल्लक 5,500 आणि नवे 9,000 मिळून 14,500 हातात असताना चार वेळा सुया : कॅबसकट 10,800. एसआयपी थांबवायची नाही, क्रेडिट कार्डावर हप्ते करायचे नाहीत. गोळी आणि सुया दोन्ही एकदम सुरू केलंत तर गुण कशाचा ते कधीच कळणार नाही, म्हणूनही हा महिन्याचा फरक. गुण आला तर पुढे बहुधा महिन्यातून एकदा पुरेल, 2,700. ते तुमच्या शिलकीत बसतं. जाण्याआधी सुया टोचणारे महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेत नोंदणी असलेले डॉक्टर आहेत ना, ते विचारा.

विम्याचं थोडक्यात : या वयात, आधीच निदान झालेल्या दुखण्यासाठी पाळीव प्राण्यांची पॉलिसी उपयोगाची नाही. तिच्या हप्त्यावर आयकरात वजावटही मिळत नाही.

एक लिहायला जड जातंय. सुयांचा तो महिना झाला की महिना 3,000ची एक वेगळी आरडी ब्रुनोच्या नावाने मनात धरून सुरू करा. शेवटचे आठवडे खर्चाचे असतात, सलाइन, रात्रीचे डॉक्टर, आणि नंतरचंही. तेव्हा निर्णय त्याच्या त्रासाकडे बघून घेता यावा, बँकेच्या शिलकीकडे बघून नव्हे.

मोजमापाला एक वही करा. झोपेतून उठायला किती सेकंद, जिन्याच्या किती पायऱ्या, रात्री किती वेळा कण्हला. दर रविवारी त्याच जागी, त्याच वेळी चालण्याचा व्हिडिओ काढा आणि कुठला कधीचा ते न सांगता मुलाला पाठवून क्रम लावायला सांगा. पाचव्या खेपेचे पैसे भरायचे की नाही, ते त्याच्या उत्तरावर ठरवा. पहिला व्हिडिओ येत्या रविवारीच काढा, बिस्किटं बंद करायच्या आधी.