गार्ड काढायला लावला मालकाने, दोष मात्र कामगाराला

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये आम्ही सहा जण आहोत. माझं वय 30. ऑगस्ट 2025 मध्ये हँड ग्राइंडरची डिस्क फुटून डाव्या हाताची दोन बोटं मुळापासून गेली. पाच इंची मशीनचा गार्ड (डिस्कवरचं संरक्षक कव्हर) काढून सात इंची डिस्क लावायला मालकच सांगायचे. आता म्हणतात, गार्ड तू काढलास, चूक तुझी. 25,000 रुपये देऊन ‘काही मागणी नाही’ अशी स्टॅम्पपेपरवर सही घेतली. पगार 18,000, रोखीत. काही मिळेल का?

उत्तर : मिळेल, आणि त्या सहीला घाबरू नका. अपघात नव्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या आधीचा, म्हणून 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागू होतो. भरपाईचा हक्क सोडल्याचा कागद त्या कायद्याने रद्दबातल ठरतो.

आता गार्ड. कामगाराची घाई किंवा निष्काळजीपणा दाखवून मालक सुटत नाही. दिलेला गार्ड कामगाराने जाणूनबुजून काढला, हे मालकाला सिद्ध करावं लागतं. इथे तर त्याच्याच हुकमाने काढलाय. पाच इंची मशीन मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतं, सात इंची डिस्कवर कमाल 8,500 च्या आसपासचा आकडा छापलेला असतो. अशी डिस्क तिथे लावायला सांगणं म्हणजे माणसाचा हात पणाला लावणं, आणि मला त्याची चीड येते. डिस्कचे तुकडे असतील तर जपा, मशीनवर फेऱ्यांचा आकडा लिहिलेल्या पट्टीचा फोटो काढा. शेजारी काम करणाऱ्याची साक्ष सगळ्यात मोलाची. तो नोकरीला घाबरेल, म्हणून आजच बोला.

रोख पगारामुळे नोकरीचा पुरावा लागेल : मालकाचे व्हॉट्सॲप मेसेज, हजेरीची वही, दवाखान्याचा केसपेपर. अपघात कुठे झाला म्हणून त्यात काय लिहिलंय ते आधी वाचा. काही मालक ‘घरी लागलं’ असं लिहायला लावतात.

रक्कम : कायदा पगार 15,000 पर्यंतच धरतो. त्याचे 60 टक्के, म्हणजे 9,000, गुणिले कायद्यात वयाप्रमाणे दिलेला तिशीचा गुणांक 207.98. दोन बोटांसाठी त्याचे 20 टक्के, म्हणजे 3,74,364 रुपये. शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च आणि 12 टक्के व्याज. विनाकारण टाळाटाळ केली तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही बसतो.

पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापत असतील तर मार्ग वेगळा, तो दावा ईएसआयकडे जातो. नसेल तर कोल्हापूरच्या कामगार न्यायालयात ऑगस्ट 2027 च्या आत अर्ज करा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. औद्योगिक कामगाराला तिथे मोफत वकील मिळतो.