इंदूरमध्ये राहतो, ६ वर्षांची मुलगी हिंदी कार्टूनच बघते. तिच्याशी मराठीत काय बोलावं?

शेजारी बसा आणि जाहिरात लागली की आवाज बंद करून मराठीत एकच प्रश्न विचारा: "त्यानं डबा का लपवला गं?" 'आवडलं का?' विचारलं तर नुसतं 'हो' मिळतं. 'का' आणि 'आता काय होईल?' यांना पूर्ण वाक्य लागतं. तिनं हिंदीत सांगितलं तर टोकू नका, तेच मराठीत म्हणा: "अच्छा, घाबरला म्हणून लपवला!" शाळेत, गल्लीत हिंदीच कानावर पडते, त्यामुळे मराठीची ही संधी फार मोलाची. जाहिरात विकण्यासाठी असते हेही सांगा. साधारण ७-८ वर्षांपर्यंत ते आपसूक कळत नाही. मात्र गप्पा रंगल्या म्हणून वेळ वाढवू नका: भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ५ ते १० वर्षांसाठी, मोबाइल धरून, दिवसाला २ तासांहून कमी सांगितलंय.