अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये राखीव राहिलेल्या क्वार्टरबॅकची (पास टाकून संघाची चढाई चालवणाऱ्या खेळाडूची) कारकीर्द तिथेच संपते का?

मुळीच नाही. जो बरो (Joe Burrow) या क्वार्टरबॅकचं उदाहरण बघा. ओहायो स्टेट विद्यापीठात तो तीन वर्षं होता आणि तेवढ्या काळात त्याला जेमतेम 39 पास टाकायला मिळाले. पण त्याने पदवी तीन वर्षांतच पूर्ण केली, त्यामुळे 2018 मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठात गेल्यावर त्याला लगेच खेळता आलं. ही गोष्ट फार महत्त्वाची; एरवी तेव्हा विद्यापीठ बदललं की सहसा एक वर्ष बाहेर बसावं लागे.

तिथला पहिला हंगाम बरा गेला, 16 टचडाउन पास (ज्यांवर थेट गुण मिळतात असे पास). पण 2019! 60 टचडाउन पास, पासवर 5,671 यार्डांची मजल, संघ 15 पैकी 15 सामने जिंकून राष्ट्रीय विजेता आणि बरोला हाइजमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार. ती स्वीकारताना तो आपल्या आग्नेय ओहायोतल्या गरीब, अर्धपोटी मुलांबद्दल बोलला, आणि तिथल्या अन्नपेढीकडे लाखो डॉलरच्या देणग्या आल्या. मला त्याच्या आकड्यांपेक्षा हेच जास्त भावतं.

2020 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) सिनसिनाटी बेंगल्स संघाने त्याला सर्वांत पहिला निवडला.