वाचकांचे प्रश्न : केबलवाल्याला आपलं काय काय दिसतंय?

प्रश्न : नमस्कार. आम्ही बेळगावकडच्या खानापूरला असतो, घरात गल्लीतल्याच केबलवाल्याचं फायबर आहे. ह्यांना मुतखड्याचा त्रास झाला म्हणून मी रात्री मोबाईलवर जरा वाचत बसले, तर दुसऱ्या दिवसापासून हॉस्पिटलच्या आणि मुतखडा पाडायच्या चूर्णाच्या जाहिराती सुरू. त्यात राऊटर बघायला आलेला पोरगा हसत म्हणतोय, काकू, तुम्ही रात्री काय बघताय ते सगळं आमच्याकडं दिसतंय की. हे खरं काय? जाहिराती तेच लावतात काय?

उत्तर : ताई, पोरानं निम्मं खरं सांगितलंय आणि निम्मी फुशारकी मारलीय. आता बहुतेक साइट एचटीटीपीएसवर चालतात, म्हणजे आतला मजकूर कुलूप लावूनच जातो, त्यामुळं तुम्ही गूगलला काय विचारलं, कुठलं पान वाचलं, यूट्यूबवर कुठला व्हिडिओ बघितला हे त्याला दिसत नाही. पण साइटचं नाव दिसतंय. कुठलीही साइट उघडायच्या आधी मोबाईल डीएनएसला (म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला) तिचा पत्ता विचारतो, आणि तुम्ही सेटिंग बदललं नसेल तर हा डीएनएस साधारण इंटरनेटवाल्याचाच असतो. म्हणजे त्यानं मनात आणलं तर यादी निघते ती अशी : रात्री 11:40 ला किडनीच्या हॉस्पिटलची साइट, 11:52 ला औषधं विकणारी साइट, मग यूट्यूब. आतलं एक अक्षर वाचलं नाही तरी घरात कुणाला काय झालंय ते कळायला अजून काय लागतंय?

चूर्णाची जाहिरात मात्र त्यानं लावलेली नसणार. सर्च गूगलवर, मोबाईलमध्ये लॉगिन गूगलचं, आणि बऱ्याच साइटवर गूगलचे नाहीतर फेसबुकवाल्या मेटाचे ट्रॅकर, म्हणजे कोण काय बघतंय ते टिपणारे कोड, आधीच बसवलेले असतात. त्यांना तुमच्या केबलवाल्याला विचारायची गरजच नाही.

म्हणून इंटरनेटवाले अगदी साधुसंत आहेत असंही नाही. ब्रिटनमध्ये बीटी या टेलिफोन-इंटरनेट कंपनीनं 2006 आणि 2007 साली फॉर्म नावाच्या कंपनीला हाताशी धरून ग्राहकांना न सांगता त्यांचं ब्राउझिंग जाहिरातींसाठी तपासून बघितलं होतं. अमेरिकेत व्हेरायझन या मोबाईल कंपनीनं 2012 पासून ग्राहकांच्या उघड्या (कुलूप नसलेल्या) ट्रॅफिकला न दिसणारा एक नंबर चिकटवला, कुकी (साइटनं ओळखीसाठी ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण) पुसली तरी नंबर तोच, आणि 2016 साली त्यापायी 13.5 लाख डॉलर दंड भरला. आपल्याकडं 2015 साली बंगळुरूच्या एका प्रोग्रॅमरला एअरटेलच्या थ्रीजीवर पानांमध्ये परका कोड घुसवलेला सापडला, त्यानं तो लोकांसमोर मांडला तर कोड बनवणाऱ्या इस्रायली कंपनीची कायदेशीर नोटीस त्यालाच! एअरटेलचं म्हणणं होतं की डेटा किती वापरला ते ग्राहकाला दाखवायला ते होतं. एचटीटीपीएस सगळीकडं आल्यावर असले उद्योग अवघड झालेत.

मला खरी काळजी तुमच्या गल्लीची वाटते. मोठ्या कंपनीच्या यादीत तुम्ही एक नंबर असता, पण इथं यादी ज्याच्या हाताशी आहे तो गणपतीची वर्गणी मागायला घरी येतो, तुमच्या जावेला ओळखतो, आणि असली गोष्ट हसत सांगायला त्याला काही वाटत नाही. त्याच्या मालकाला चिठ्ठी लिहून विचारा, आमच्या वापराची काय नोंद ठेवता, किती दिवस, आणि कुणाला देता. सरकारी नियमानं काही नोंदी त्यांना ठेवाव्याच लागतात, पण त्या पोरानं बघून गप्पा मारायला नव्हेत.

घरच्या घरी करायचं म्हणजे मोबाईलच्या सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस शोधा (अँड्रॉइड 9 पासून आहे) आणि तिथं डीएनएस डॉट गूगल हे इंग्रजीत टाका. साइटचं नाव तरी जोडणी होताना बऱ्याचदा उघडं जातंच, पण आयती यादी मिळायची बंद होते. आता पत्ते गूगलला विचारले जाणार, तेही लक्षात असू दे. जाहिरातींसाठी गूगल अकाउंटमध्ये पर्सनलाइज्ड ॲड्स बंद करा.

कायद्याचं म्हणाल तर 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, नियम 2025 च्या नोव्हेंबरात आले, संमतीचा मुख्य भाग लागू व्हायला त्यापुढं 18 महिन्यांची मुदत. त्यात आपल्या भागासाठी एक बरं कलम आहे, संमतीचा मजकूर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मागता येतो, म्हणजे मराठीतही. इथं कर्नाटकात मराठीत कागद मिळवायला काय काय करावं लागतंय ते आपल्याला ठाऊकच आहे, पण मागायचं सोडू नका.

प्रश्न : इन्कॉग्निटो वापरलं तर झालं की नाही? का फुकटचं व्हीपीएन टाकू? – निपाणी

उत्तर : इन्कॉग्निटो म्हणजे ब्राउझरची हिस्टरी न ठेवणारी खिडकी, त्यानं घरातल्या माणसांना हिस्टरी दिसत नाही, एवढंच. इंटरनेटवाल्याला पहिल्यासारखंच दिसतं. फुकटचं व्हीपीएन (आपलं सगळं ट्रॅफिक कुलूप लावून दुसऱ्या कंपनीमार्फत नेणारं ॲप) तर नकोच, फेसबुकचं ओनावो असंच फुकट होतं आणि लोक कुठले ॲप वापरतात ते फेसबुकलाच कळवायचं, 2019 साली बंद पडलं. पैसे भरून चांगलं घेतलं तरी जे केबलवाल्याला दिसत होतं ते आता व्हीपीएनवाल्याला दिसणार, आणि 2022 च्या सरकारी आदेशानं त्यांनी ग्राहकांची नावं-पत्ते 5 वर्षं ठेवायची आहेत.