मिडी फिल्टर : आधी सगळं रेकॉर्ड करा, मग गाळा

मिडी डेटा, म्हणजे कीबोर्ड कॉम्प्युटरला पाठवतो त्या वादनाच्या सूचना, कुठे गाळायचा आणि कसा बदलायचा, याबद्दल तेच गोंधळ फिरून फिरून माझ्याकडे येतात. त्यातले काही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मिडी फिल्टर लावल्याने आवाजाचा दर्जा सुधारतो का?

नाही. मिडीत आवाज नसतोच. कोणता सूर, कधी, किती जोराने (यालाच व्हेलॉसिटी म्हणतात), अशा सूचना असतात.

प्रश्न : कीबोर्डच्या नोट्स ट्रॅकवर दिसतात, पण प्लगइन (आवाज तयार करणारं सॉफ्टवेअर) वाजत नाही. चॅनल बदलणारा फिल्टर लावू का?

आधी ट्रॅकचा आणि प्लगइनचा चॅनल, म्हणजे संदेश कुणासाठी आहे ते सांगणारा क्रमांक, जुळतोय का ते बघा.

प्रश्न : एका व्हिडिओत सांगितलं होतं की, रेकॉर्ड करतानाच नोट्स सोडून बाकी सगळं गाळावं, म्हणजे कॉम्प्युटरवर ताण येत नाही. तसं केलं, तर सूर लांबवणारं पेडलही गाळलं गेलं आणि पियानो तुटक वाजतोय. पेडल परत आणता येईल का?

नाही येणार. जे रेकॉर्डच झालं नाही, ते फिल्टर बंद करून परत येत नाही. आता एकच करा : नवा ट्रॅक घ्या, आधीचं वादन ऐकत नुसतं पेडल वाजवून रेकॉर्ड करा आणि दोन्ही ट्रॅक एकत्र करा.

हा ताणाचा समज कुठून आला, तेही समजून घ्या. पाच पिनांच्या मिडी केबलमधून सेकंदाला 31,250 बिट जातात, म्हणजे फार तर 3,125 बाइट. एका नोटच्या तीन बाइटना जवळपास एक मिलिसेकंद लागतो. आफ्टरटचचा (पट्टी दाबून धरल्यावर बोटाचा दाब सांगणाऱ्या संदेशांचा) लोंढा सुरू झाला की त्या केबलमध्ये खरोखरच गर्दी व्हायची, आणि 1980 च्या दशकातल्या सिक्वेन्सरची (मिडी रेकॉर्ड करून वाजवणाऱ्या यंत्राची) मेमरीही तोकडी होती. तेव्हा गाळणं शहाणपणाचं होतं. आज 48 किलोहर्ट्झ, 24 बिटचा एकच स्टिरिओ ट्रॅक सेकंदाला 2,88,000 बाइट घेतो, आणि तसे कितीतरी ट्रॅक तुमचा कॉम्प्युटर एकदम वाजवतो. त्याला पेडलच्या चार संदेशांचा कसला आलाय ताण? ताण येतो तो आवाज तयार करणाऱ्या प्लगइनचा. अर्धवट ऐकून असे सल्ले वाटले जातात आणि लोकांचं चांगलं वादन कायमचं जातं, याचा मला मनापासून राग येतो.

फिल्टर कुठे बसलाय, हे पहिलं बघायचं. क्युबेस या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला इनपुट ट्रान्सफॉर्मर रेकॉर्ड होण्याआधी काम करतो. त्याने गाळलेलं ट्रॅकवर उतरतच नाही. एबलटन लाइव्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकवर लावलेले स्केल, व्हेलॉसिटी यांसारखे मिडी इफेक्ट मात्र प्लेबॅकच्या वेळी लागू होतात आणि क्लिपमधली मूळ नोंद शाबूत राहते. गाळायचं ते तिथे गाळा. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणता फिल्टर कुठे बसतो याची खात्री नसेल, तर महत्त्वाच्या रेकॉर्डिंगआधी मॅन्युअल उघडा किंवा जाणत्या इंजिनिअरला विचारा.

प्रश्न : व्हेलॉसिटी 20 च्या खालच्या चुकार नोट्स गाळायला स्क्रिप्ट लावली. तेव्हापासून सूर अडकून राहतात.

अनेक कीबोर्ड नोट सोडताना वेगळा नोट ऑफ पाठवत नाहीत. शून्य व्हेलॉसिटीचा नोट ऑन पाठवतात, आणि मिडीत त्याचा अर्थ नोट बंद असाच आहे. तुमची स्क्रिप्ट नेमका तोच गाळते. अट ‘20 पेक्षा कमी’ऐवजी ‘1 ते 19’ अशी करा. सूर दाबलेला असताना ट्रान्सपोज (सगळे सूर वरखाली सरकवणारी सोय) बदललं तरी हेच होतं : नोट ऑन एका सुराचा जातो, नोट ऑफ दुसऱ्याचा. कंट्रोलर 123 या मिडी संदेशाने सगळे सूर बंद होतात, पण तो तात्पुरता इलाज. स्क्रिप्ट दुसऱ्याची असेल तर स्वतः खोडाखोड न करता तिच्या लेखकाला कळवा.

प्रश्न : हळू वाजवलेलं ऐकूच येत नाही म्हणून सगळ्या नोट्समध्ये 60 मिळवले. आता जोरकस सूर सगळे सारखेच वाटतात. ‘प्रोफेशनल व्हेलॉसिटी कर्व्ह’चा पॅक विकत घेऊ का?

अजिबात नको. व्हेलॉसिटी 127 च्या पुढे जात नाही. 60 मिळवल्यावर 70, 90 आणि 110 हे तिन्ही 127 वरच येऊन थांबतात. बेरीज काढून टाका आणि आधी कीबोर्डच्या सेटिंगमधला टच कर्व्ह (किती जोराने दाबलं की किती व्हेलॉसिटी जाते ते ठरवणारी सोय) बदलून बघा. मग 1 ते 127 हा पट्टा 50 ते 127 मध्ये बसवा. म्हणजे चढउतार थोडा दबेल, पण राहील. यासाठी लागणारी साधनं बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतातच आणि तीच पॅकमध्ये भरून विकली जातात. दोनचारच पट्ट्या हळू वाजत असतील तर कीबोर्ड तंत्रज्ञाला दाखवा.

प्रश्न : एमपीई कीबोर्ड (ज्यावर प्रत्येक सूर वेगळा वाकवता येतो) घेतला. सगळे चॅनल एकत्र करून 1 वर आणू का?

नको. एमपीईत दाबलेल्या प्रत्येक सुराला स्वतंत्र चॅनल मिळतो. एकत्र केलेत तर एक सूर वाकवताना सगळेच वाकतील. आफ्टरटचही गाळू नका, बोटाचा दाब त्यातूनच जातो. प्लगइन एमपीई घेतो का, ते त्याच्या निर्मात्याला विचारा.

प्रश्न : सस्टेन पेडल मध्येच आपोआप लागतं. गेले काही महिने प्रत्येक गाण्यातले कंट्रोलर 64 चे, म्हणजे या पेडलचे, संदेश हाताने पुसतोय. यावर फिल्टर आहे का?

आहे, पण तो लावलात तर खरं पेडलही जाईल. कीबोर्ड बंद करा, पेडल नीट जोडा, त्यावर पाय न ठेवता कीबोर्ड चालू करा. पेडल उलटं चालत असेल तर अनेक कीबोर्डांवर एवढ्याने सुटतं. तरीही फडफड राहिली, तर पेडल, वायर किंवा जॅक खराब आहे. यासाठी महिनोन्महिने थांबायचं कारणच नव्हतं. दुसरं पेडल लावून बघा, आणि तेही तसंच वागलं तर कीबोर्ड याच आठवड्यात दुरुस्तीला द्या.