पहिली ईव्ही (विजेवरची गाडी) घेताय? आधी घरची वायरिंग बघा

भाऊ, शोरूमला नंतर जा, आधी वायरमनला बोलवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्थिंग, म्हणजे गळका करंट जमिनीत सोडणारी जोडणी. आपल्याकडं उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि मग चार्जर गाडी चार्जच करत नाही. लोक दोष गाडीला देतात! खड्ड्यात अधूनमधून पाणी घालत जा. चार्जिंगसाठी मीटरपासून थेट आलेली वेगळी जाड तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवेच. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको, तो तासन्‌तास तापतो.

मग लाइटबिलावरचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज घ्यायला परवानगी आहे तो आकडा, बघा. एक-दोन किलोवॅट असेल तर महावितरणकडं वाढवून घ्या.

१५ अँपिअरच्या साध्या प्लगवर ३० युनिटची बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात. रात्रभर लावा, झालं. जालना-संभाजीनगर रोज जाऊन-येऊन केलं तरी पुरतं. मोठा ७.२ किलोवॅटचा चार्जर सुरुवातीला कशाला? तुमच्याकडं रात्री लाइट किती टिकते, तेवढं मात्र बघून ठेवा.

कागदावरच्या रेंजवर (एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते त्यावर) गाडी निवडू नका. मे महिन्यात एसी लावून, हायवेनं, घरचे सगळे बसवून टेस्ट ड्राइव्ह घ्या. सेल्समन कुरकुर करील, करू द्या.

बॅटरीची केमिस्ट्री, सोलर वगैरे पुढं बोलू.